घेतलेली वस्तू चोरीची निघाली तर?



आपल्यापैकी बरेच जण आता वापरलेल्या वस्तू घरबसल्या मोबाइलवरून घेतात. नातवाला सायकल, भारतात भाच्याला न्यायला फोन, गुडघे कुरकुरू लागले की मोबिलिटी स्कूटर. फेसबुक मार्केटप्लेस, ईबे, गमट्री ही नावं महाप्रसादाच्या पंगतीतही ऐकू येतात. त्यात गैर काही नाही. चांगली वस्तू कचऱ्यात जाण्यापेक्षा कुणाच्या कामी आली तर बरंच. पण गेल्या काही महिन्यांत दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टर, आपण घेतलेली वस्तू चोरीची निघाली तर आपणही चोर ठरतो का हो?" प्रश्न खरं तर वकिलाचा, पण निवृत्त डॉक्टरला लोक काहीही विचारतात. विचारताना प्रत्येकाचा आवाज खाली आला होता, म्हणून हे लिहायला घेतलं. खाली दिलेला कायदा इंग्लंड आणि वेल्सचा आहे.

आधी धीर देणारा भाग. न कळत चोरीची वस्तू घेणं हा गुन्हा नाही. १९६८ च्या थेफ्ट ॲक्टचं कलम २२ सांगतं की वस्तू चोरीची आहे हे माहीत असून, किंवा तसं मनाशी पक्कं धरून, अप्रामाणिकपणे ती घेतली तरच गुन्हा होतो. नुसती शंका म्हणजे गुन्हा नव्हे. मात्र हजार पौंडांची नवी कोरी ई-बाइक दीडशेला मिळते आहे, विकणारा नाव सांगत नाही, रात्री पेट्रोल पंपावर भेटायला बोलावतो, आणि तरीही आपण डोळे मिटून पैसे मोजले, तर "मला काय माहीत" हे कोर्टाला पटेलच असं नाही.

आता कटू भाग. गुन्हा नसला तरी वस्तू आपली होत नाही. चोराकडे मालकी नसतेच, मग तो ती देणार कुठून? वस्तू दहा हात फिरली आणि दहाव्याने पूर्ण किंमत मोजली, तरी मूळ मालक ती मागू शकतो. (चोरीनंतरच्या पहिल्या प्रामाणिक खरेदीला सहा वर्षं होऊन गेली तर त्याचा हक्क संपतो. पण फोन किंवा सायकलीच्या बाबतीत इतकी वर्षं कोण मोजणार?) या देशात पूर्वी एक गमतीचा नियम होता. ठरावीक जुन्या बाजारांत दिवसाउजेडी, प्रामाणिकपणे घेतलेली वस्तू घेणाऱ्याचीच होत असे, मग ती चोरीची का असेना. जानेवारी १९९५ मध्ये तो नियम रद्द झाला.

आपल्याला जवळचं वाटेल असं एक उदाहरण लंडनमधलंच आहे. तामिळनाडूतल्या पत्तूर गावी १९७६ साली एका पडक्या मंदिराजवळ जमिनीत नटराजाची मूर्ती सापडली आणि हातोहात इथे येऊन पोहोचली. १९८२ मध्ये कॅनडाच्या एका कंपनीने ती विकत घेतली. त्या कंपनीच्या प्रामाणिकपणाबद्दल वाद नव्हता. तरीही १९९१ मध्ये इथल्या अपील कोर्टाने मूर्तीवरचा हक्क मंदिराचा मानला आणि नटराज भारतात परत गेला. एवढ्या मोठ्या खरेदीदाराला जो न्याय, तोच आपल्या टॅबलेटला.

मग आपले पैसे? ते विकणाऱ्याकडून मागायचे. विकायचा हक्क आपल्याला आहे, ही हमी प्रत्येक विक्रेता देतो असं १९७९ चा सेल ऑफ गुड्स ॲक्ट धरून चालतो. विक्रेता दुकानदार नसून खासगी माणूस असला तरीही. पण ज्याचं खरं नावसुद्धा ठाऊक नाही त्याच्याकडे मागणार कसे? रोख दिले असतील तर ते गेलेच समजा. म्हणून पैसे कसे देतो याला फार महत्त्व आहे. मार्केटप्लेसच्या स्वतःच्या पेमेंट व्यवस्थेतून दिले तर तक्रारीला जागा राहते. दुकानदाराकडून थेट क्रेडिट कार्डावर घेतलेली वस्तू १०० पौंडांहून महाग, पण ३०,००० पौंडांच्या आत असेल, तर कलम ७५ प्रमाणे कार्ड कंपनीही जबाबदार असते. मध्ये तिसरी पेमेंट कंपनी आली तर हे संरक्षण मिळेलच असं नाही. बँक ट्रान्सफरबाबत ७ ऑक्टोबर २०२४ पासून परताव्याचा नियम आला आहे, पण तो फसवणुकीसाठी आहे, साध्या खरेदी-विक्रीच्या वादासाठी नव्हे.

फोनचं वेगळं सांगतो, कारण तक्रारी त्याच्याच जास्त येतात. चोरीची नोंद झालेला फोन इथल्या सगळ्या नेटवर्कांवर बंद केला जातो. नोंद उशिरा झाली तर घेताना फोन व्यवस्थित चालतो आणि आठवड्याने मुका होतो. पैसे देण्याआधी फोनवर *#०६# दाबा, पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसेल. तो चेकमेंडसारख्या सेवेवर तपासा. थोडे पैसे पडतात, पण पडू द्या. विकणाऱ्याला स्वतःचं खातं काढून फोन तुमच्यासमोर पूर्ण कोरा करायला सांगा. "पासवर्ड नंतर पाठवतो" म्हणाला तर नमस्कार करून निघा. सायकलीचा फ्रेम नंबर बाइकरजिस्टरवर फुकट पाहता येतो.

डॉक्टर म्हणून एका गोष्टीचं मला जास्त वाईट वाटतं. वॉकर, कमोड खुर्ची, हॉस्पिटलसारखा पलंग, हवेची गादी हे सामान एनएचएस किंवा कौन्सिल बहुधा वापरापुरतं उसनं देते. माणूस गेल्यावर दुःखात असलेलं कुटुंब न कळत त्याची जाहिरात टाकतं. त्यांच्या मनात पाप नसतं, पण सामान त्यांचं नसतं. अशा वस्तूवर बहुतेक वेळा बारकोडचा स्टिकर आणि फोन नंबर असतो. तो दिसला तर घेऊ नका. आणि आपल्याच घरात असं काही पडून असेल तर त्या नंबरावर फोन करा, ते येऊन घेऊन जातात. कुणीतरी पेशंट केवळ त्या पलंगासाठी घरी जायचा थांबलेला असू शकतो.

वस्तू घेतल्यानंतर शंका आली तर ती दुसऱ्याला विकून मोकळं व्हायचा मोह होतो. ते मात्र करू नका. आतापर्यंत तुम्ही फसलेले होता. ठाऊक असून विकलीत तर फसवणारे व्हाल. विकणाऱ्यालाही ती परत देऊ नका. १०१ वर पोलिसांना कळवा, गुन्ह्याचा संदर्भ क्रमांक मागा, जाहिरात, मेसेज आणि पैसे दिल्याचा पुरावा जपून ठेवा. वस्तू नेली तर पावती घ्या. आणि उलट कुणी "पोलीस बोलतोय, तुमच्याकडे चोरीचा माल आहे, पैसे भरा, प्रकरण मिटवतो" असा फोन केला, तर तो पोलीस नव्हे. फोन ठेवा, थोडं थांबून स्वतः १०१ लावा.

हे सगळं एकट्याने निस्तरायची गरज नाही. रविवारी आरतीनंतर सेवा विभागाच्या टेबलावर या, फॉर्म भरायला आणि फोन लावायला स्वयंसेवक बसतील. मुलांना सांगायचा संकोच वाटत असेल तर आधी आम्हाला सांगा. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी जुने फोन आणि टॅबलेट आपण गोळा करतो, त्यांची अजून गरज आहे. देताना खरेदीची पावती असल्यास सोबत आणा, आणि आपलं खातं काढून मगच द्या.