कापसाच्या खोलीतील बाटली

कीटकनाशकाच्या संबंधात यवतमाळ जिल्ह्याचे नाव निघाले की २०१७ सालची शोकांतिका आठवावी, हे स्वाभाविकच आहे. त्या वर्षी डोक्याबरोबर वाढलेल्या पऱ्हाटीत फवारणी करणारे शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने रुग्णालयांत दाखल झाले, त्यांपैकी बहुतेकांवर येथील वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उपचार झाले, वीसांहून अधिक जण दगावले आणि शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. विषाचे भय त्यामुळे जनमानसात रुजले, व ते रुजणे अवश्यच होते. परंतु त्याच बाटलीत विषाच्या जोडीला जो अग्नी बंदिस्त असतो, त्याची दखल आपण अद्याप घेतलेली नाही.

फवारणीची अनेक द्रव औषधे ‘ई.सी.’ या स्वरूपात विकली जातात. मूळ विष पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते झायलीनसारख्या ज्वालाग्राही द्रावकात विरघळवितात, आणि पंपातील पाण्यात ओतताच त्याचे दुधासारखे मिश्रण व्हावे यासाठी त्यात आणखी एक द्रव्य मिसळतात. बूच उघडताच रंगाच्या दुकानासारखा जो उग्र दर्प येतो, तो बहुधा या द्रावकाचा. झायलीनची वाफ तीस अंशांच्या आतील उष्णतेतही ठिणगीने पेट घेऊ शकते. यवतमाळचा मे महिना तर चाळिशीच्या पुष्कळ पलीकडे जातो. शिवाय ही वाफ हवेच्या साडेतीनपटींहून अधिक जड असल्यामुळे वर निघून न जाता जमिनीलगत सरपटते, आणि शेजारच्या खोलीतील चुलीपर्यंत जाऊन पोहोचते.

आता आपल्या कास्तकाराचे घर डोळ्यांपुढे आणावे. वेचणी झाली, भाव मनासारखा नाही, म्हणून कापूस घरातच रचलेला. ढीग आढ्याला टेकलेला, त्याच्या कडेला फवारा पंप, खुंटीला थैली, थैलीत गेल्या फवारणीची अर्धी उरलेली बाटली, आणि भिंतीवर तारा उघड्या पडलेला विजेचा बोर्ड. कापूस एकदा पेटला की वरची ज्वाला विझली तरी आतल्या आत तासन्‌तास धुमसत राहतो. त्यात ही बाटली फुटली तर केवळ वर्षाचे उत्पन्नच जाते असे नाही. जळत्या कीटकनाशकाचा धूर हा स्वतःच विषारी असतो, आणि विझवावयास धावलेला शेजारी त्यात सापडतो.

साठवणुकीतील हयगय किती भयंकर ठरू शकते, हे देशाने १९५८ सालीच पाहिले होते. अन्नधान्याबरोबर जहाजातून आणलेले पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक पिठात मिसळले आणि केरळात शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या प्रकरणाच्या चौकशीतूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला व १९७१ साली त्याचे नियम झाले. कीटकनाशके इतर मालापासून अलग खोलीत किंवा कुलूपबंद कपाटात ठेवावीत, आणि ती खोली कोरडी, उजेडाची व हवेशीर असावी, असे ते नियम सांगतात. कृषी केंद्राचा परवाना तपासणारा अंमलदार असतो. कास्तकाराच्या घरात मात्र त्याच्या स्वतःच्या विवेकाशिवाय दुसरा तपासनीस नाही.

म्हणून तजवीज त्यानेच करावयाची. घरापासून, कोठ्यापासून व कडब्यापासून दूर, सावलीत, खालून-वरून हवा खेळेल अशी कुलपाची पेटी; औषध मूळ बाटलीतच, पाण्याच्या बाटलीत कदापि नाही; मिश्रण करताना विडी नको. सांडलेच तर वाळू वा कोरडी माती टाकावी. पेटल्यास बादलीभर पाणी ओतू नये, कारण द्रावक पाण्यावर तरंगतो व ज्वाला पसरते. लहान आग मातीने दाबावी, मोठी असल्यास वाऱ्याच्या वरच्या बाजूस सरून अग्निशामक दलाला कळवावे आणि आत कोणते औषध आहे ते सांगावे. रिकाम्या बाटल्या धुऱ्यावर पऱ्हाट्यांबरोबर जाळण्याची रीत तर आजच बंद व्हावी.

सालगड्याकडून फवारणी करवून घेणाऱ्या प्रत्येक मालकाला माझी विनंती आहे: यंदाची पहिली बाटली विकत आणण्यापूर्वी ती पेटी करून घ्यावी, आणि सालगड्याला बाटलीवरचा इशारा स्वतः वाचून दाखवावा.