धम्मयात्रेच्या वाटेवरचे धुके उपग्रह कसे ओळखतो?

डिसेंबर-जानेवारीत आपले अनेक उपासक-उपासिका बोधगया, सारनाथ, कुशीनगरच्या धम्मयात्रेला निघतात. नेमके याच दिवसांत गंगेच्या मैदानावर दाट धुके उतरते. रेल्वे तासन् तास रखडतात, महामार्गावर वाहने एकमेकांवर आदळतात.

दृश्यमानता १००० मीटरपेक्षा कमी झाली की हवामानशास्त्रात त्याला धुके म्हणतात. ५० मीटरच्या आत आली की अतिदाट धुके. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून भारताचे इन्सॅट-३डीआर व इन्सॅट-३डीएस हे उपग्रह ते टिपतात. दिवसा धुके पांढऱ्या, सपाट चादरीसारखे दिसते. रात्री प्रकाश नसतो. तेव्हा एकाच जागेचे तापमान ३.९ आणि १०.८ मायक्रोमीटरच्या दोन अवरक्त लहरींत मोजतात. धुक्यातील बारीक थेंब ३.९ मायक्रोमीटरला कमी ऊर्जा बाहेर टाकतात, म्हणून तिथे धुके जास्त थंड भासते. हा फरक हीच धुक्याची खूण.

मात्र उपग्रहाला ढगाचा माथा दिसतो, पाया नाही. ढग जमिनीला टेकला आहे की थोडा वर आहे, हे चित्रावरून नक्की ठरत नाही. वर उंच ढग असतील तर खालचे धुके झाकलेच जाते. म्हणून विमानतळ व वेधशाळांच्या नोंदी सोबत पाहाव्या लागतात.

एक दिवस वाचावा म्हणून रात्रभर बस चालवण्याचा आग्रह बरेचदा आपणच धरतो. आमची विनंती आहे, निघण्यापूर्वी भारतीय हवामान विभागाचा इशारा पाहा. दाट धुके असेल तर रात्री मुक्काम करा. खर्च थोडा वाढेल, पण सगळे सुखरूप घरी परततील.