श्रावण महिन्यात वाचलेल्या पाच चित्रकथा



श्रावणात गावोगावी पोथी लागते. कुठे नवनाथ, कुठे पांडवप्रताप. दिवसभर भांगलण-कोळपणी उरकून माणसे रात्री देवळात जमतात. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. यंदाच्या श्रावणात मीही रोज रात्री वाचन लावले होते, पण ते चित्रकथांचे. मुले ज्यांना कॉमिक्स म्हणतात, त्या ह्या चित्रकथा. चौकटीत चित्र, चित्रातल्या माणसाच्या तोंडाजवळ फुगा आणि फुग्यात त्याचे बोलणे.

पन्नाशी उलटलेल्या माणसाने हे काय काढले, असे तुम्ही म्हणाल. पण मला ही गोडी जुनी आहे. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचतच आमची पिढी वाढली. १९६४ साली सुरू झालेली ती मालिका १९९० साली बंद पडली. गोडी मात्र राहिली. पुढे नोकरीतही चित्रांनीच साथ दिली. बोंडअळीवर तासभर भाषण केले तर निम्मी मंडळी पेंगतात. अंडी, अळी, कोष, पतंग अशी चार चित्रे ओळीने लावली, की शाळेचे तोंड न पाहिलेली आजीसुद्धा सांगते, "म्हणजे अळी बारीक आहे तोवरच फवारायचं." चित्रांचा क्रम लागला की अर्थ आपोआप लागतो. चित्रकथेचे सारे बळ ह्या क्रमातच आहे.

महिनाभरात जे वाचले, त्यातली मला सर्वांत आवडलेली पाच पुस्तके आज तुमच्यापुढे ठेवतो.

१. कृष्ण

अमर चित्रकथा ही मालिका अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केली. आपल्या मुलांना परदेशी कथा ठाऊक, पण घरच्या ठाऊक नाहीत, ही त्यांची तळमळ होती. मालिकेचे पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. अकरावा अंक 'कृष्ण', आणि तेथून ही मालिका खऱ्या अर्थाने आपली झाली. त्याची चित्रे राम वाईरकर यांची. गाई, वासरे, दही-लोणी हे आपल्याच ओसरीवरचे जग असल्याने लहान मुले त्यात चटकन रमतात.

एक गोष्ट मात्र वाचताना मुलांशी बोलावी. ह्या मालिकेच्या पुष्कळ जुन्या अंकांत सज्जन गोरा आणि राक्षस काळा रंगवलेला आहे. जाणकारांनी ह्यावर टीकाही केली आहे. उन्हात राबणाऱ्याच्या पोराने रंगावरून माणूस ओळखायला शिकू नये.

२. सुपंडी आणि शिकारी शंभू

ही दोघे 'टिंकल' मासिकातली. हे मासिक १९८० साली निघाले. सांगितलेले काम शब्दश: करून घोळ घालणारा सुपंडी वाईरकरांनीच चित्रात आणला, मुळात त्या तमिळ लोककथा. वाघाला घाबरणारा शिकारी शंभू वसंत हळबे यांनी रेखाटला. दोन-तीन पानांत गोष्ट संपते आणि वाक्ये छोटी असतात. ज्या मुलाला वाचताना अडखळायला होते, त्याच्या हाती आधी हे द्या. शेवटी हसायला मिळणार हे कळले, की ते अडखळत का होईना, शेवटपर्यंत जाते.

३. व्हर्गीस कुरियन

अमर चित्रकथेनेच २०१३ साली कुरियन यांच्यावर अंक काढला. हा घरातल्या मोठ्यांनीही वाचावा. कुरियन १९४९ साली गुजरातेतल्या आणंद गावी आले. खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने १९४६ सालीच दूध संघ उभा केला होता. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत. एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली.

चरित्रकथेत नायक नेहमी डोंगराएवढा दिसतो. पण संघ टिकतो तो सकाळ-संध्याकाळ रांगेत उभे राहून चोख दूध घालणाऱ्यांच्या जिवावर. पुस्तक मिटल्यावर एवढे मुलांना आवर्जून सांगा.

४. भीमायन

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरचे हे पुस्तक २०११ साली दिल्लीच्या नवायन प्रकाशनाने काढले. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. चित्रे काढली आहेत मध्य प्रदेशातल्या परधान गोंड समाजाच्या दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या दाम्पत्याने. दुर्गाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

ह्या पुस्तकात नेहमीच्या ताठ चौकटी नाहीत. भिंतीवर आणि अंगणात काढतात तशा वळणदार नक्षीने पान विभागले आहे. बोलण्याच्या फुग्यांतही अर्थ भरला आहे. सोसणाऱ्या, मायेच्या माणसाचे बोलणे पाखराच्या आकारात येते. टोचून, हिणवून बोललेले शब्द विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. अक्षर न येणारा माणूसही चित्र पाहून सांगेल, कोण डंख मारतो आहे.

यातली एक हकीकत आपल्या सातारा जिल्ह्यातली. १९०१ साली लहानगा भीम भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनावर उतरल्यावर जात कळली आणि गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एकजण तयार झाला, तोही पोरांनी गाडी स्वत: हाकावी ह्या अटीवर. वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. पुढे १९२७ सालच्या महाडच्या चवदार तळ्याची हकीकत येते, तेव्हा तहानेने कासावीस झालेली ती पोरे डोळ्यांसमोर उभी राहतात.

आपण शेतकरी पाण्याची किंमत जाणतो. विहीर आटली की काळीज कसे आटते, हे आपल्याला सांगावे लागत नाही. पण पाणी भरलेले असून ओंजळ पुढे करता येऊ नये, ही तहान निराळी. हे पान मुलांबरोबर बसून वाचा आणि आपल्या गावाच्या पाणवठ्याचा जुना इतिहास घरातल्या थोरांना विचारा. उत्तर अवघड असले तरी विचारा.

५. बेअरफूट गेन

म्हणजे अनवाणी गेन. हे पुस्तक जपानचे; मी इंग्रजीतून वाचले. लिहिणारे-चितारणारे केइजी नाकाझावा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा ते सहा वर्षांचे होते. शाळेच्या भिंतीआड होते म्हणून वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ मात्र गेले. तेच सारे त्यांनी १९७३ सालापासून गेन नावाच्या मुलाच्या गोष्टीतून सांगितले.

गेनचा बाप युद्धाला उघड विरोध करतो, म्हणून शेजारीपाजारी त्याला देशद्रोही ठरवतात. पोटापुरता पेरलेला गहूही तुडवला जातो. तो पोरांना शिकवतो, की गव्हासारखे व्हा. थंडीत पायाखाली तुडवला तरी तो मुळे धरतो आणि सरळ उभा राहतो.

शेतकीच्या दृष्टीनेही ही गोष्ट खरी आहे. जपानात हिवाळ्यात गव्हाची कोवळी रोपे मुद्दाम तुडवतात. हिमाने भुसभुशीत झालेली माती मुळांशी दाबली जाते आणि फुटवे जास्त येतात. आपल्याकडे जमीन अशी गोठत नाही, तेव्हा हे वाचून कुणी आपल्या गव्हात जनावरे घालू नयेत! बापाची शिकवण मात्र घ्यावी. ह्यातली चित्रे फार भीषण आहेत. बारा-तेरा वर्षांच्या आतल्या मुलांना ती दाखवू नका.

आता तुमच्यासाठी दोन शब्द

मूल चित्रांचे पुस्तक घेऊन बसले, की "अभ्यास सोडून हे काय?" म्हणून ते हिसकावून घेणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्याच घरात मूल रात्री अकरापर्यंत मोबाईल चाळते, त्याला कुणी हटकत नाही. पुस्तक हिसकावू नका. उलट, त्याला मोठ्याने वाचायला लावा आणि घरातल्या आजी-आजोबांना चित्रे दाखवायला सांगा.

प्रत्येकाने सगळी पुस्तके विकत घ्यायची गरज नाही. चार घरांनी मिळून एकेक घ्यावे आणि आलटूनपालटून वाचावे. गावात वाचनालय असेल, तर पुढच्या खरेदीत दोन चित्रकथा घालायला चालकांना सांगा. बियाणे घेताना आपण पिशवीवरचे चित्र पाहून भुलत नाही, आत काय आहे ते पाहतो. पुस्तकाचेही तसेच करा. आधी स्वत: वाचा, मग मुलाच्या हाती द्या.