वॅटचा हिशेब आणि कायद्याचे माप

विडी ओढणाऱ्याला यंत्रज्ञान लागत नाही. ई-सिगारेट वापरणाऱ्याला मात्र विजेचे प्राथमिक गणित यावे लागते. होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने २००३ मध्ये जिचे आधुनिक रूप घडविले, त्या या उपकरणाचे मुख्य भाग चारच: बॅटरी, तारेचे वेटोळे, कापसाची वात आणि द्रवाची टाकी. वेटोळे तापले की द्रवाची वाफ होते व तिच्यावाटे निकोटीन शरीरात जाते.

सारी मेख वेटोळ्याच्या रोधात आहे. विद्युत्-दाबाच्या वर्गाला रोधाने भागले की शक्ती मिळते. पूर्ण भारित लिथियम घटाचा दाब ४.२ व्होल्ट धरला, तर १.२ ओहमच्या वेटोळ्यात सुमारे १५ वॅट, तर ०.५ ओहमच्या वेटोळ्यात सुमारे ३५ वॅट शक्ती खर्च होते. दुसऱ्या वेटोळ्यासाठी घटाला ८.४ अँपिअर प्रवाह पेलावा लागतो. तो न पेलणारा घट धोकादायक ठरतो. अधिक रोधाच्या टाकीत हवेची वाट अरुंद व वाफ थोडी, म्हणून द्रव तीव्र लागतो. कमी रोधाच्या टाकीत वाफ विपुल, म्हणून सौम्य द्रव पुरतो. वेटोळ्यावर छापलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकापासून आरंभ करून शक्ती बेताने वाढवावी, हा संकेत त्यातूनच रूढ झाला. मर्यादा ओलांडली की वात कोरडी पडते, जळका स्वाद येतो आणि फॉर्माल्डिहाइडसारखी घातक द्रव्ये तयार होतात. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील एका पत्राने ५ व्होल्टला अशी द्रव्ये आढळल्याचे व ३.३ व्होल्टला न आढळल्याचे नोंदविले. इतका जळका झुरका कोणी घेणारच नाही, असा आक्षेप त्यावर आला. तथापि अपायाची मात्रा यंत्राच्या जुळणीवर अवलंबून असते, हे दोन्ही पक्षांना मान्यच होते.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उद्भवतो. विक्रेत्याला मालाचे गुणदोष ठाऊक आणि ग्राहकाला नाहीत, अशा बाजारात निकृष्ट माल चांगल्या मालाला हुसकावतो, हे जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. ब्रिटनने २०१६ मध्ये युरोपीय निर्देशानुसार टाकीला २ मिलिलिटर व द्रवाच्या तीव्रतेला मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली. वॅटला मात्र कमाल मर्यादा घातली नाही. वस्तुतः शरीरात जाणारे निकोटीन हे तीव्रता आणि वाफ होणारा द्रव या दोहोंवर ठरते, आणि वाफेचे प्रमाण शक्तीवर. जे सहज मोजता येते ते कायद्याने मोजले; जे मोजायला हवे होते त्यातील अर्धे निसटले.

भारताने २०१९ मध्ये प्रथम वटहुकूम व मग कायदा करून या वस्तूचे उत्पादन, आयात व विक्री यांवर बंदी घातली. कोवळ्या वयातील मुलांना व्यसनापासून वाचविण्याचा हेतू रास्तच होय. परंतु चोरटा माल सीमाशुल्क यंत्रणेच्या हाती वेळोवेळी लागतो, याचा अर्थ मागणी संपलेली नाही. अशा मालावर छापलेल्या ओहमची वा निकोटीनच्या मात्रेची हमी कोण देणार? उलट, जळत्या तंबाखूची विडी-सिगारेट मात्र कोपऱ्यावरच्या टपरीवर राजरोस मिळते.

बंदी उठवावी, असा याचा निष्कर्ष नाही. जे वापरण्यासाठी रोधाचा हिशेब कळावा लागतो, ते उपकरण विडीकामगाराच्या हाती देऊन त्याचे व्यसन सुटेल, हा भाबडेपणाच ठरेल. पण एक दार बंद करणाऱ्या शासनाने दुसरे उघडलेही पाहिजे. निकोटीनची मापून दिलेली मात्रा २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत आली आहे. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात, समुपदेशनासह व विडीच्या कट्ट्याहून स्वस्त मिळू लागली, तरच बंदीमागील हेतू प्रामाणिक ठरेल.