भंगारातली स्पोर्ट्‌स कार: ऐकीव काय, खरं काय

खान्देशातल्या चोपड्यात इंजिन उतरवून रातोरात पुन्हा बसवणारे, लेथवर शाफ्ट वळवून देणारे, मापाबरहुकूम ट्रॉली बांधणारे कारागीर कमी नाहीत. त्यामुळे मोबाइलवर कुणाची घरी बांधलेली मोटार दिसली की गॅरेजवर विषय निघतोच. भंगारातून एक मारुती ८०० उचलायची, बॉडी काढून टाकायची, वर फायबर चढवायचं, झाली स्पोर्ट्‌स कार! हात तयार आहेत यात शंका नाही, पण या बोलण्यातल्या बऱ्याच गोष्टी चुकीच्या आहेत.

पहिला दाखला हमखास सांगलीचा असतो. देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून छोटी जीप केली, तिला दुचाकीसारखी किक होती, आणि आनंद महिंद्रांनी त्यांना नवी बोलेरो दिली. म्हणजे अशी गाडी चालते, असा अर्थ लोक काढतात. प्रत्यक्षात डिसेंबर २०२१ मध्ये महिंद्रांनी स्वतःच लिहिलं होतं, की ही गाडी नियमांत बसत नाही, अधिकारी आज ना उद्या ती थांबवतील. म्हणून तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल झाली. लोहारांच्या हुन्नराचा तो मान होता. त्या जीपला पासिंग मिळालं, असा त्याचा अर्थ नाही.

“जुन्या गाडीचं आरसी बुक आहे ना, तेच लावू.” हा त्याहून धोक्याचा समज. आरसी बुक इंजिनाचं नसतं, ते त्या चेसिस नंबरच्या, कंपनीने ठरवलेल्या नमुन्याच्या गाडीचं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ नमुन्यात मनाजोगते बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठणकावून सांगितलं. गाडी मोडीत काढली तर तिची नोंदणी रद्द करून घ्यावी लागते. जुन्या पत्र्यावरचा नंबर कापून नव्या सांगाड्यावर वेल्ड करणं हा तर सरळ गुन्हा. नव्या नमुन्याच्या गाडीला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी लागते, आणि तो खर्च एकट्या माणसाच्या आवाक्यातला नाही.

“खेड्यात कोण अडवतंय?” कुणी अडवलं नाही तरी प्रश्न सुटत नाही. पाणी उपसायच्या इंजिनावर चालणारे ‘जुगाड’ हेही मोटार वाहनच आहे, त्याला नोंदणी आणि विमा हवाच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलं आहे. नोंदणी नाही तर विमा नाही. विमा नसताना अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर कुणाला ठोकर बसली, तर भरपाई घर-शेत विकून द्यायची वेळ येऊ शकते. आणि रात्री केळीच्या ट्रकांमधून अशी कंबरेएवढ्या उंचीची स्पोर्ट्‌स कार न्यायची म्हणजे ड्रायव्हरच्या नजरेच्या खालून जायचं. माझ्या मते ही एकच गोष्ट तिला हमरस्त्यापासून लांब ठेवायला पुरेशी आहे.

आता गॅरेजमधल्या समजांकडे. मारुती ८०० ची बॉडी काढली की खाली चेसिस उरते, असं अनेकांना वाटतं. जीपची उरते, जिप्सीची उरते. ८०० ची बॉडी हीच तिची चेसिस आहे. ती कापली की हातात फक्त इंजिन-गिअरबॉक्स, चाकं आणि स्टिअरिंग राहतं. सांगाडा नव्याने बांधावाच लागतो, आणि ट्रॉली बांधायची सवय इथे नडते. जाड अँगल वापरला की मजबुती आली, हा हिशेब ओझ्यासाठी ठीक आहे. वळणावर सांगाडा पिळला जातो, आणि कर्ण नसलेली चौकट बाजेसारखी तिरकी होते. साधारण एक इंची चौकोनी नळ्यांचे त्रिकोण जोडले तर वजन कमी आणि ताठपणा जास्त मिळतो. फायबर म्हणजे नुसती कातडी, त्यावर जोर देता येत नाही.

इंजिन मागे घ्यायचं तर आणखी एक फसगत आहे. ८०० चं इंजिन आडवं बसतं. मागे नेताना त्याचं तोंड फिरवून बसवलं तर चाकं उलटी फिरतात: चार गिअर रिव्हर्सचे आणि एक पुढचा! तोंड न फिरवता, आहे तसंच मागे सरकवावं लागतं. त्यातही मूळ ब्रेक पुढच्या जड वजनाच्या हिशेबाने बेतलेले असतात. वजन मागे गेलं की तो हिशेब बिघडतो, म्हणून ब्रेकची वाटणी नव्याने करावी लागते. स्टिअरिंगचा रॉड तर नुसता टोकाला टोक लावून कधीच वेल्ड करू नये. तो रस्त्यात तुटला तर हातात चाक उरतं, गाडी नाही.

“स्पोर्ट्‌स कारला मोठं इंजिन लागतं” हाही समजच. १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हनच्या सुरुवातीच्या एका प्रकारात फोर्डचं ११७२ सीसीचं इंजिन होतं आणि ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे जवळजवळ आपल्या ८०० एवढीच. गाडी हलकी होती, हे तिचं बळ. आपल्याकडे अलिबागच्या चिंकारा मोटर्सने त्याच घाटाची रोडस्टर केली, तिच्यात इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन होतं. पण ती कंपनी होती, घरचा गोठा नव्हे.

ब्रिटनमध्ये रॉन चॅम्पियन या शाळाशिक्षकाने १९९६ मध्ये जुन्या फोर्ड एस्कॉर्टच्या सुट्या भागांतून अशी गाडी कशी बांधावी, यावर पुस्तक लिहिलं आणि हजारो लोक कामाला लागले. तिथे एकेका गाडीची सरकारी तपासणी करून घेऊन ती रस्त्यावर आणता येते. आपल्याकडे एकट्या कारागिराला परवडेल अशी वाट नाही, आणि ती असायला हवी असं मला मनापासून वाटतं. खान्देशातल्या पोरांच्या हातांना तिची गरज आहे.

तोवर गाडी बांधायला बंदी नाही. स्वतःच्या शेतात किंवा बंदिस्त ट्रॅकवर ती चालवावी. इंजिनीअरिंगच्या पोरांना शिरपूर-सेंधवा मार्गे पिथमपूर जवळच आहे. तिथल्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी ट्रॅकवर बाजा एसएई इंडियाची स्पर्धा वर्षानुवर्षं भरत आली. स्वतः बांधलेली एकआसनी गाडी आणायची आणि मातीत पळवायची, असं तिचं स्वरूप. पळवण्याआधी ब्रेकची परीक्षा होते: धावत्या गाडीला ब्रेक मारल्यावर चारही चाकं एकदम जाम झाली पाहिजेत. ती झाली नाहीत, तर संघाला पुढच्या फेरीत सोडत नाहीत.