तळहाताएवढं अंतर, आठ तासांची वाट

दहा सेंटिमीटर म्हणजे जेमतेम तळहाताची रुंदी. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत तेवढ्या अंतरावर मातीची जात कळते.

काळी माती रसायनाच्या पाण्यात भिजवून तिची ढेकळं पार विरघळवायची, एक लिटरच्या मोजपात्रात ती खालवर घुसळायची आणि घड्याळ लावायचं. पाणी २० अंशांचं असेल तर भरड वाळू काही सेकंदांत तळ गाठते. ०.०२ मिलिमीटरच्या पोयट्याच्या कणाला १० सेंटिमीटर उतरायला सुमारे पावणेपाच मिनिटं लागतात. ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला? जवळजवळ आठ तास! कण दहापट बारीक झाला की वेळ शंभरपट वाढतो.

हा हिशेब जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांचा. हवेत झुलणारा लंबक कसा मंदावतो, याचा अभ्यास करताना त्यांना तो गवसला; १८५१ साली तो छापून आला. त्याच्या बळावर आज सूक्ष्मदर्शकाविना कण मोजता येतात. आठ तासांनी १० सेंटिमीटर खोलीवरून पिपेटने थोडं पाणी काढायचं, आटवायचं आणि उरलेली माती तोलायची. त्यात चिकणमातीहून मोठा कण नसतोच. तो केव्हाच खाली गेलेला असतो. पाणी ३० अंशांचं असेल तर ते पातळ होतं आणि दीडेक तास वाचतो, म्हणून थर्मामीटर हाताशी लागतोच.

आठ तासांत १० सेंटिमीटर या चालीने चिकणमातीचा तो कण चार किलोमीटर खोल, निश्चल पाण्यात सोडला, तर तळाला टेकायला ३५ वर्षं लागतील. आज जन्मलेलं मूल तोवर पस्तिशीचं होईल.

इतकं बारीक असण्याचं मोल शेतात कळतं. दोन मिलिमीटरच्या एका खड्यात असे १०० कोटी कण मावतील. काळ्या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज तर पापुद्र्यांचं. त्याच्या एका ग्रॅमचे सगळे पापुद्रे उलगडले तर पृष्ठभाग भरतो सुमारे ८०० चौरस मीटर, म्हणजे आठ गुंठे. पाच ग्रॅममध्ये एकर!

या पापुद्र्यांना पाणी बिलगतं. म्हणून काळं रान पावसात फुगतं, उन्हाळ्यात हातभर भेगाळतं आणि पाऊस उघडला तरी लगेच पाभर घालू देत नाही. वाफसा येईपर्यंत शेतकरी बांधावर थांबतो. मोजपात्रापाशी आठ तास थांबायला लावणारा कणही तोच.