चित्राला चाल येते तेव्हा

मैत्रिणींनो, स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता बाहेरच्या खोलीत कोण आलं, हे तुम्ही नुसत्या पावलांवरून ओळखता ना? मुलाने दप्तर कसं टाकलं यावरून चाचणीचे गुण कळतात. सासूबाई उठताना गुडघ्यावर हात ठेवतात की भिंतीला धरतात, ते पाहिलं की आज पाय किती दुखताहेत हे विचारावं लागत नाही. हे पाहणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ती काही विद्या आहे असं आपल्याला वाटतच नाही. पण हाताने काढलेल्या चित्रांना हालतं-चालतं करण्याची जी कला आहे, जिला अॅनिमेशन म्हणतात, तिचं निम्मं भांडवल हेच आहे. उरलेलं निम्मं म्हणजे पेन्सिल, जुनी वही आणि चिकाटी.

"मला मेलीला कुठे चित्र काढता येतं!" म्हणून पान उलटू नका. इथे सुबक चित्राचं काम नाही. देखणं चित्र लाकडासारखं ताठ चालू शकतं आणि चार रेघोट्यांचा माणूस असा पाय ओढत जातो की पाहणाऱ्याच्या पोटात कालवतं.

युक्ती साधी आहे. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रं पुढे सरकतात आणि डोळ्याला ती सलग हालचाल वाटते. हाताने काढताना बहुतेक वेळा एकेक चित्र दोनदा टिपतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रांवर भागतं. आपल्याकडे ही युक्ती फार जुनी. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरला, त्याची वाढ कॅमेऱ्यापुढे थोडी थोडी टिपत गेले आणि पडद्यावर ते रोप भराभर उगवून आलेलं दाखवलं. ती चित्रं हाताने काढलेली नव्हती, पण तत्त्व तेच. ही फीत पाहून लोकांचा विश्वास बसला आणि 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसा उभा राहू लागला. सरस्वतीबाईंचे दागिनेही त्याच कामी आले. फितीला भोकं पाडण्यापासून सगळ्या मंडळींच्या जेवणापर्यंत त्यांचे हात होते, हे मात्र आपण सांगताना विसरतो.

आता वही घ्या. मुलांच्या गेल्या वर्षीच्या वह्यांत कोरी पानं राहिलेली असतातच. उजव्या हाताचा खालचा कोपरा धरा आणि शेवटच्या पानापासून सुरुवात करा, म्हणजे खालचं चित्र वरच्या पानातून पुसट दिसतं आणि नवं चित्र किती सरकवायचं ते कळतं. पहिला धडा चेंडूचा. चेंडू वरून पडतो, आपटतो, पुन्हा वर जातो. वीस पानं पुरे झाली. वर असताना चेंडू संथ असतो, म्हणून तिथली चित्रं जवळजवळ काढायची. खाली येताना वेग वाढतो, तेव्हा दोन चित्रांतलं अंतर वाढवत न्यायचं. सगळी अंतरं सारखी ठेवली तर चेंडू पडत नाही, दोरीने खाली सोडल्यासारखा उतरतो. जमिनीला टेकल्यावर तो चपटा करा, टेकण्याच्या आधी किंचित लांबट. पण कणकेच्या गोळ्याचा नियम लक्षात ठेवा: गोळा दाबला की रुंद होतो, कणीक काही वाढत नाही. चपटा करताना चेंडू मोठा झाला की डोळ्याला लगेच खोटं वाटतं.

चेंडू जमला की पिठाचं अर्धं भरलेलं पोतं. हसू नका, डिस्नेच्या चित्रकारांचा हा जुना सराव आहे. पोत्याला ना नाक, ना डोळे. तरी ते रुसलेलं, ऐटीत उभं राहिलेलं, घाबरून मागे सरलेलं दाखवायचं. जालन्याच्या मोंढ्यात एखादी चक्कर मारली तर याचे नमुने हवे तेवढे सापडतील. एखादं पोतं थेट दमलेल्या माणसासारखं भिंतीला टेकून बसलेलं असतं. आणि ते उचलणारा हमालही नीट पाहा. तो एकदम उचलत नाही. आधी खाली वाकतो, पाय रोवतो, श्वास घेतो आणि मग उठतो. पाखरं हाकलणारी गोफण आधी मागे जाते, मगच दगड पुढे सुटतो. कुठलीही हालचाल तिच्या उलट दिशेने सुरू होते. चित्रात ही पूर्वतयारी दाखवली नाही तर काय झालं हे पाहणाऱ्याला कळतच नाही.

हालचाल संपतानाही तसंच. लगबगीने जाणारी बाई थबकली तर पाऊल आधी थांबतं, पदर आणि वेणी मागाहून. आणि चालणं? प्रत्येक पावलाला अंगाचा भार पडला की डोकं थोडं खाली जातं, मग वर येतं. उन्हाळ्यात टँकरवरून हंडा डोक्यावर घेऊन येणारी बाई मात्र हा नियम मोडते. तिचं डोकं सरळ रेषेत येतं आणि सगळा चढउतार गुडघ्यांत नि कमरेत मुरतो. ही गोष्ट पुस्तकात शोधायला नको, आपल्याच गल्लीत दिसते.

मी काही तास शिकवते त्या शाळेत आठवीतली एक मुलगी आहे. वर्गात फारसं बोलत नाही. तिने चाळीस पानांत एसटीतून उतरणारी म्हातारी काढली. म्हातारी आधी गाठोडं खाली ठेवते, दांडा धरते, एका पायाने जमीन चाचपते आणि मगच दुसरा पाय सोडते. चेहरा म्हणजे नुसता एक गोल. वर्गातल्या दोघी-तिघी एकदम म्हणाल्या, "अगं, ही तुझी आजी!" पालकसभेला तिच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, यानं पोट भरतं का? का उगं पोरीचं वर्ष वाया जायचं?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याला गोड बोलून उत्तर देता येत नाही. १९३८ साली डिस्नेच्या स्टुडिओतून एका तरुण मुलीच्या अर्जाला आलेलं उत्तर प्रसिद्ध आहे. चित्रपटाचं कल्पक काम तरुण पुरुष करतात, बायकांना फक्त शाईने रेघा गिरवण्याचं आणि रंग भरण्याचं काम, असा त्याचा मतलब. पण १९४२ सालच्या 'बाम्बी'मधले अंगावर धावून येणारे शिकारी कुत्रे रेटा स्कॉट नावाच्या बाईने हलते केले! आपल्याकडे १९७४ सालचं 'एक अनेक और एकता' घराघरात पोचलं, ते विजया मुळे यांचं. त्यातली चित्रं हलती केली भीमसेन यांनी. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या गीतांजली राव यांनी 'प्रिंटेड रेनबो' जवळजवळ एकहाती रंगवला. एकटी राहणारी वृद्ध बाई, तिची मांजर आणि काडेपेट्यांवरची चित्रं, एवढाच विषय. २००६ साली त्याला कानमध्ये पारितोषिक मिळालं.

मी त्या आईला एवढंच सांगितलं की आज वर्ष वाया जाण्यासारखं काही करायचंच नाही. शाळा चालू ठेवून एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देता येतात, आणि दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळतात. बारावी कुठल्याही शाखेतून झाली तरी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत किंवा मुंबईच्या आयआयटीत डिझाइनच्या पदवीसाठी प्रवेशपरीक्षा देता येते. परीक्षा अवघड आहे, जागा थोड्या आहेत, हेही सांगितलं. काम आता बहुतेक संगणकावर होतं, पण भार कुठे पडतो हे संगणक आपण होऊन सांगत नाही. आई गप्प राहिली. मग म्हणाली, "मी बी लगीन व्हायच्या आधी भिंतीवर मोर काढायची." एलिमेंटरीचा अर्ज तिने भरला आहे; पुढचं दहावीनंतर बघू म्हणाली. वडिलांना अजून विचारायचं आहे.

तुम्ही मुलांबरोबर बसणार असाल तर सुरुवात चेहऱ्यापासून करू नका, पाठीपासून करा. रुसवा पाठीत आधी दिसतो. एखादी हालचाल अडली तर स्वतः उठून ती करून पाहा, दार लावून घेतलं तरी चालेल. मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर पक्का टेकवून एकेका पानाचा फोटो घेतला तर चित्रं ओळीने जोडणारी फुकट अॅपही मिळतात, पण पहिले पंधरा दिवस अंगठ्यावरच भागवा. कागद मात्र फार जाड घेऊ नका, पानं अंगठ्याखालून सटासट सुटत नाहीत.